ताप नाही म्हणून निवांत बसू नका ओ

आपल्याकडे माणूस पडला की घरात पहिला प्रश्न एकच, ताप हाय का? नसला की विषय संपला. मग 'अशक्तपणा' म्हणत गल्लीतल्या दवाखान्यात एक सलाईन, एक इंजेक्शन, आणि घरी. माझा राग त्या सलाईनवर आहे. कारण त्या 'अशक्तपणा'मागे कधी कधी सेप्सिस असतो, म्हणजे इन्फेक्शन जिवावर बेतलेलं असतं, आणि त्यात ताप असेलच असं नाही.

सेप्सिस निमोनियातून होतो, लघवीच्या इन्फेक्शनमधून, पोटातून, बाळंतपणानंतरही होतो. जंतूंशी लढताना शरीराचाच तोल सुटतो आणि किडनी, फुप्फुसं, मेंदू काम सोडायला लागतात. 2017 साली जगात यात अंदाजे 1 कोटी 10 लाख माणसं गेली. शुगरवाल्यांचं तर बऱ्याचदा पायापासूनच सुरू होतं. शहराच्या पूर्व भागात आमच्या ओळखीच्या एक मावशी विड्या वळतात. टाचेला चपलेचा फोड आला, शुगरमुळे पाय बधिर, म्हणून दुखलंच नाही. हळद लावून चिंधी बांधली. पुढे जेवण सुटलं, दिवसभर झोपून, सुनेला मुलीच्या नावानं हाक मारायलेत. अंग गार. घरच्यांनी चादर पांघरली, सलाईन लावून आणलं. जरा तरतरी आली, तेवढ्या भरवशावर अख्खी रात्र गेली. वाचल्या, पण दोन बोटं काढावी लागली.

सलाईन वाईट नाही. बीपी उतरलं तर पहिल्या तीन तासांत वजनाच्या किलोमागे निदान 30 मिली देतात. पण सोबत रक्ताचं कल्चर (रक्तात कोणते जंतू आहेत ती तपासणी), शिरेतून अँटिबायोटिक (शॉक, म्हणजे बीपी फारच उतरलं असेल तर तासाभरात), पू असेल तर तो काढणं, आणि तरी बीपी चढेना तर ते चढवणारं औषध, नॉरअ‍ॅड्रेनलिन. हे खुर्चीवर बसून बाटली लावणाऱ्या दवाखान्यात होत नसतं. मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्यांनी तर नाहीच. 2014 पासून शेड्यूल एच-1 (चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची सरकारी यादी) मधल्या अँटिबायोटिक्सची विक्री रजिस्टरमध्ये लिहायचा नियम आहे. ते रजिस्टर बघितलंय का कुणी?

म्हाताऱ्या माणसाला तापाआधी हे विचारा: लघवी कधी झाली? श्वास मोजा, मिनिटाला 22 किंवा जास्त भरला तर धोका. बरळायलेत का? हातपाय गार पडलेत का? यातलं काही असलं तर सकाळची वाट बघू नका. सिव्हिलला न्या, खासगीत न्या, पण आयसीयू असेल तिथंच. आणि तिथं 'अशक्तपणा आलाय' म्हणू नका. लघवी कधीपासून झाली नाही ते सांगा, शुगर आहे ते सांगा, पायाची चिंधी सोडून दाखवा.