पेट्रन बदलला म्हणून शाळेतला ख्रिसमस बंद होत नाही

सरकार चर्चकडून शाळा हिसकावतंय, आता ख्रिसमस बंद, शिक्षकांच्या नोकऱ्या जाणार, आणि हे सगळं बाहेरून आलेल्यांच्या हट्टापायी, असा आयर्लंडमधल्या शाळांबद्दलचा मेसेज इथल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर पण फिरतोय आणि आपलेच लोक तो न तपासता पुढे ढकलतायत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

हिसकावतंय? इथल्या जवळपास ९० टक्के प्रायमरी शाळांचा पेट्रन, म्हणजे शाळा ज्याच्या छत्राखाली चालते तो, कॅथलिक चर्च आहे, बहुतेक ठिकाणी तिथला बिशप. शिक्षकांचा पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकारचा, इन्स्पेक्टर पण सरकारचे, शाळेचं धार्मिक वळण मात्र पेट्रन ठरवतो. आणि तो बदलायचा तर त्याचीच संमती लागते, ती नसेल तर काही हलत नाही. डब्लिनचे तेव्हाचे आर्चबिशप डर्मिड मार्टिन स्वतःच सांगत होते की इतक्या शाळा चर्चकडे असणं आता योग्य नाही, मग २०१२ मध्ये शाळांच्या पेट्रनबद्दल सरकारने नेमलेल्या, जॉन कूलहन यांच्या फोरमचा रिपोर्ट आला, आणि इतक्या वर्षांनी प्रत्यक्ष हस्तांतर झालेल्या शाळा किती, तर थोड्याच. जागासुद्धा चर्च भाडेकराराने देऊ शकतं, मालकी सोडावी लागते असं नाही.

नोकऱ्यांचं वर आलंच, पगार सरकारी आहे, पेट्रन बदलल्याने तो थांबत नाही. दर्जा घसरेल म्हणतात त्यांनी पण हेच बघावं, अभ्यासक्रम तोच राहतो.

आता ख्रिसमस. २०१९ मध्ये डब्लिनजवळच्या मालाहाइड-पोर्टमार्नक भागात पेट्रन बदलण्यावर पालकांचं मत घ्यायचं होतं तेव्हा काही शाळांनी पालकांना पत्रं पाठवली की ख्रिसमस, सेंट पॅट्रिक्स डे सगळं जाईल, शेवटी शिक्षणमंत्री जो मॅकह्यू यांना मध्ये पडावं लागलं. एज्युकेट टुगेदर या सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कुठल्याही शाळेत डिसेंबरात जाऊन बघा, ख्रिसमस असतोच, सोबत दिवाळी आणि ईदपण असते. शाळेच्या वेळेतून जाते ती रोजची धर्मशिकवणी आणि कम्युनियनची, म्हणजे सात-आठ वर्षांच्या कॅथलिक मुलांच्या चर्चमधल्या विधीची, तयारी, आणि ज्यांना हवी ते ती शाळा सुटल्यावर करू शकतात.

ही तयारी काय असते ते माझी मुलगी सेकंड क्लासला होती तेव्हा बघितलंय. गाणी, रिहर्सल, चर्चला चकरा, महिनोन्‌महिने वर्ग त्यातच. आयर्लंडच्या राज्यघटनेच्या कलम ४४ नुसार मुलाला त्यातून सूट आहे, पण वेगळं बसवायला ना खोली ना माणूस, त्यामुळे ती त्याच वर्गात मागे बसून चित्रं रंगवायची. टीचर प्रेमळ होत्या, त्यांची काही चूक नाही. पण पोरीला सगळ्या प्रार्थना तोंडपाठ झाल्या आणि त्या म्हणणाऱ्यांच्या रांगेत तिला जागा नव्हती, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला हे काय समजावणार तुम्ही?

आपणही कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, काय बिघडलं, असं कुणीतरी म्हणेलच. अहो, आपल्या आईवडिलांनी ती निवडली होती, शेजारी नगरपालिकेची शाळा होती, जिल्हा परिषदेची होती. इथे कित्येक गावांत दुसरी शाळाच नाही.

आणि बाहेरून आलेल्यांचं म्हणाल तर डब्लिनजवळच्या डॉकीमध्ये पहिली बहुधर्मीय शाळा १९७८ मध्ये उभी राहिली, इथल्याच आयरिश पालकांनी उभी केली, तेव्हा आपण कुठे होतो? १८३१ मध्ये नॅशनल स्कूल सुरू झाल्या त्यासुद्धा सगळ्या पंथांची मुलं एकत्र शिकावीत म्हणूनच. २०२२ च्या जनगणनेत ७ लाखांहून जास्त लोकांनी धर्म नाही असं लिहिलंय, त्यातले बहुतेक इथेच जन्मलेले आहेत, त्यांच्या मुलांनाही तीच शाळा आणि तोच मागचा बाक मिळतो.