चूक दाखवली, पोटावर पाय नाही दिला

आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप गेल्या आठवड्यात दोन दिवस तापला होता. चाकणला प्लांट सांभाळणाऱ्या मित्राने लिहिलं, ‘नवीन पोरांना बोलायची सोय नाही. चूक दाखवली की राजीनामा.’ लगेच हिंजवडीतल्या मैत्रिणीचं उत्तर आलं, ‘तुम्ही दहा जणांसमोर पाणउतारा करता, त्याला चूक दाखवणं म्हणत नाहीत.’ मग मला विचारलं, जर्मनीत म्हणे तोंडावर बोलतात, तिथली माणसं कशी टिकतात?

मी १२ वर्षं श्टुटगार्टजवळ मशीन डिझाइनचं काम करतोय. तोंडावर बोलतात हे खरंच. इथल्या श्वाबियन बोलीत म्हणच आहे, ‘नेट गशिम्फ्ट इश ग्नुग ग्लोप्ट’. ओरडा बसला नाही, यातच कौतुक आलं.

रुजू होऊन वर्ष झालं असेल. माझं ड्रॉइंग टेबलावर पसरलं होतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने बेअरिंगच्या सीटवर, म्हणजे बेअरिंग शाफ्टवर जिथे बसतं त्या जागेवर, पेन्सिल टेकवली. ‘हे चूक आहे. मापात एवढी सूट (टॉलरन्स) ठेवली तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर घसरेल.’ माझे कान तापले. पुण्यात पहिल्या नोकरीत अशीच चूक झाली, तेव्हा साहेबांनी ऑपरेटर लोकांसमोर ड्रॉइंग भिरकावून ‘डिग्री कुठून विकत आणली?’ असं विचारलं होतं. मी त्याच वाक्याची वाट बघत होतो. ते आलं नाही. त्याने फिटचं, म्हणजे भाग एकमेकांत किती घट्ट बसावेत याचं, कोष्टक काढलं, वीसेक मिनिटं आकडे समजावले, आणि बारा वाजले तशी ‘माल्टसाइट’ म्हणून मला जेवायला घेऊन गेला. जेवताना मुलीच्या शाळेची चौकशी केली.

यावरून ‘जर्मन रोखठोक, आपण हळवे’ असं म्हणणं मला मुळीच पटत नाही. आमच्या दोघांचीही नोकरी त्या पेन्सिलीला टांगलेली नव्हती, हे खरं कारण. इथे दहापेक्षा जास्त माणसांच्या कंपनीत सहा महिने झाले की कायद्याला पटेल असं कारण असल्याशिवाय काढता येत नाही. कर्मचाऱ्यांच्या कंपनीतल्या हक्कांबद्दलच्या १९७२ च्या कायद्याचं कलम ८२ तर सांगतं की माझ्या कामाच्या मूल्यमापनावर माझ्याशी चर्चा करा, अशी मागणी मी करू शकतो; सोबत बेट्रीब्सराटचा, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या मंडळाचा, सदस्य नेऊ शकतो.

आता हिंजवडीतल्या मैत्रिणीचा मार्च, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाचा महिना, बघा. नऊ जणांची चांगली टीम, पण बेल कर्व्हमुळे, म्हणजे वरची-खालची रेटिंग ठरलेल्या प्रमाणातच वाटायच्या नियमामुळे, एकाला खालचं रेटिंग द्यायचंच. तिने कारण शोधलं: दोन रिपोर्ट उशिरा दिले. समोरच्या मुलाला ऐकू आली ती हुकलेली पगारवाढ आणि फ्लॅटचा हप्ता. त्या खोलीत कितीही गोड बोला, तो मुलगा शिकणार काय?

आणि पोटाचा प्रश्न आला की जर्मनही आडून बोलतात. नोकरी सोडताना मिळणारं प्रशस्तिपत्र वाचा. त्यावर पुढची नोकरी ठरते, आणि ते वाईट दिलं तर माणूस कोर्टात जातो. छुपा अर्थ नसावा असं कायदा बजावतो, तरी ‘नेहमीच आमच्या परिपूर्ण समाधानाप्रमाणे’ म्हणजे उत्तम, नुसतं ‘आमच्या समाधानाप्रमाणे’ म्हणजे जेमतेम, आणि ‘त्यांनी प्रयत्न केला’ म्हणजे नापास, हे सगळ्यांना पाठ आहे. पेन्सिल टेकवून ‘चूक’ म्हणणारी हीच माणसं.

मित्राचं सगळंच चुकतं असं नाही. चाकणला चूक न सांगणं परवडतच नाही, तिथे कुणाचा तरी हात मशीनपाशी असतो. पण चूक दिसली त्या दिवशी, त्या मुलाच्या टेबलापाशी, एकट्याला सांगता येते. पगारवाढीच्या बोलण्याला दुसरा महिना ठेवता येतो. याला जर्मन कायदा लागत नाही.

मी त्याला एवढंच लिहिलं: राजीनामा दिलेल्या त्या पोराला फोन कर आणि विचार, मी बोललो तेव्हा आजूबाजूला किती जण उभे होते? दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून आलेलं नाही.