माल गोदामात नाही, तुमच्या तळघरात आहे!

दर चार-पाच वर्षांनी अमेरिकेत तोच प्रकार. निवडणूक आली, कुठे मोठा गोळीबार झाला, वॉशिंग्टनमध्ये नव्या बंदीची कुणकुण लागली, की आठवड्याच्या आत दुकानांतली काडतुसांची रॅक साफ. मग जो तो ओरडत सुटतो, सरकारनं माल अडवला, कंपन्यांनी गोदामात दाबून ठेवला. अहो, कसलं गोदाम? तो माल तुम्हीच उचललात, खोक्यांवर खोकी रचून! आणि परत तुम्हीच विचारता, गेला कुठे म्हणून?

हिशेब शाळेतल्या पोराला जमेल इतका सोपा आहे. दुकानात आठवड्याला ९ एमएमचे, म्हणजे पिस्तुलाच्या काडतुसांचे, ४० बॉक्स येतात. एरवी ४० गिऱ्हाइकं एकेक नेतात आणि आठवडा निघतो. अफवा पसरते. पहिले चौघे दहा-दहा नेतात. उरलेले ३६ जण रिकाम्या हातानं घरी जातात आणि पुढच्या आठवड्यात दुकान उघडायच्या आधीच दारात उभे असतात, दहा-दहा न्यायच्या तयारीनं. कारखान्यातून माल तेवढाच निघतोय, नेमबाजी तेवढीच चालू आहे, तरी मागणी दहापट. एवढी साधी गोष्ट कळायला कट-कारस्थान कशाला लागतं?

२०१३ सालचा तुटवडा आठवा. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत हत्याकांड झालं, बंदीची चर्चा सुरू झाली आणि रायफलच्या काडतुसांपाठोपाठ पॉइंट टू टूसुद्धा गायब झालं. पॉइंट टू टू! पोरंसोरं ज्यावर नेम धरायला शिकतात ते बारकं काडतूस. पाचशेचं खोकं वीस-पंचवीस डॉलरला मिळायचं, ते साठच्या वर गेलं आणि पुढची दीड-दोन वर्षं रॅकवर टिकेना. यात खरा घोळ काय आहे, ते या आरडाओरड करणाऱ्यांना ठाऊकच नसतं. पॉइंट टू टूमध्ये वेगळा प्रायमर, म्हणजे बारूद पेटवणारी छोटी वाटी, नसतो. पेट घेणारं मिश्रण ओलं असतानाच पितळी पुंगळीत टाकतात आणि पुंगळी गरगर फिरवून ते तळाच्या कडेत बसवतात. ही यंत्रं फक्त याच कामाची. ९ एमएमची लाइन उचलून इकडे लावता येत नाही, आणि झाडलेली पुंगळी घरी पुन्हा भरताही येत नाही. म्हणजे मागणी वाढली की दुसरी वाटच नाही. तेव्हा मात्र काय पसरवत होतात? गृहसुरक्षा खात्यानं १६० कोटी गोळ्या विकत घेतल्या म्हणे! तो आकडा अनेक वर्षांच्या करारांच्या कमाल मर्यादांची बेरीज होती, प्रत्यक्ष खरेदीचा नव्हता. सरकारी लेखापरीक्षकांनी जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला, की या खात्याची काडतूस खरेदी उलट कमी होत आलेली आहे. वाचला कुणी? मिसुरीतली हर्क्युलेनियमची शिशाची भट्टी २०१३ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हाही ‘आता गोळ्याच बनणार नाहीत’ म्हणून बोंब. गोळ्यांचं शिसं बहुतांशी जुन्या बॅटऱ्या वितळवून येतं, खाणीतून नाही. पण अफवा आली की चालले दुकानात.

मग आलं २०२०. महासाथ, रस्त्यावरची आंदोलनं, निवडणूक, सगळं एकाच वर्षात. बंदूक खरेदी आणि परवान्यांसाठीच्या पार्श्वभूमी तपासण्या ३ कोटी ९० लाखांच्या वर गेल्या. पहिल्यांदाच बंदूक घेणारे किती? शस्त्र उद्योगाच्या संघटनेचा अंदाज ८४ लाख. प्रत्येकानं पन्नासचे फक्त दोन बॉक्स घेतले तरी झाल्या ८४ कोटी गोळ्या, आणि त्यातली एकही अजून झाडलेली नाही. त्यावर जुन्या मंडळींची हजार-हजारची खोकी. त्याआधी सतरा ते वीस सेंटला पडणारं ९ एमएमचं सरावाचं काडतूस २०२१ च्या सुरुवातीला सत्तर सेंटच्या आसपास आणि कुठे कुठे त्याच्याही वर.

‘मग कंपन्या जास्त का बनवत नाहीत?’ हा प्रश्न ऐकला की डोकं फिरतं. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, गोळी, बारूद, प्रायमर. पुंगळ्या आणि गोळ्या छोट्या कंपन्यासुद्धा ठोकून काढू शकतात. अडतं ते प्रायमरवर. जेमतेम साडेचार मिलिमीटर व्यासाची छोट्या मापाची ती वाटी, पण आतलं मिश्रण इतकं संवेदनशील, की ते ओलं असतानाच हाताळावं लागतं. भोकं पाडलेल्या पाट्यांवर कामगार ते ओलं मिश्रण हातानं सारून भरतात. जाड भिंतींच्या वेगवेगळ्या खोल्या, प्रत्येक खोलीत मोजकाच माल, जोडीला परवानग्या आणि वर्षानुवर्षं शिकून तयार झालेली माणसं. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर करणारी नावं चार: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन. तिथे तीन पाळ्या आधीच चालू असतात. बटण दाबलं आणि दुप्पट माल, असं होत नाही.

आणि ही चारही नावं प्रायमर आधी स्वतःच्याच काडतुसांत घालणार, हे उघड आहे. उरलं तर घरी काडतुसं भरणाऱ्यांना. त्यांची अवस्था बघा. पुंगळ्या डबाभर पडलेल्या, गोळ्या घरी ओतता येतात, बारूद एक पौंड म्हणजे ७००० ग्रेन. ९ एमएमला एकावेळी ५ ग्रेन धरली तर एका डब्यात १४०० काडतुसं. सगळं तयार आणि अडलं कशावर, तर तेव्हाच्या तीन सेंटच्या प्रायमरवर! हजार प्रायमरचा तीस-पस्तीस डॉलरचा डबा हातोहात शंभर, दीडशे, त्याहून जास्त भावानं विकला गेला. छोट्या मापाच्या प्रायमरच्या जागी मोठा बसत नाही, त्यामुळे ‘मिळेल ते घ्या’ हेही चालत नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती शिकाऱ्यांचे हाल बघून. लाइनवर एका मापावरून दुसऱ्या मापावर जायचं म्हणजे डाय बदला, फीड बदला, दाबाची चाचणी घ्या, तेवढा वेळ यंत्र थांबलेलं. तुटवड्यात कारखाना ते कशाला करेल? ९ एमएम आणि रायफलचं पॉइंट टू टू थ्री सलग चालवतो, कारण सगळे त्याच्याच मागे. मग ०.२४३, ०.२७०, ०.३०-३० या शिकारीच्या मापांची पाळी येतच नाही. ज्याला वर्षाला वीस-वीसचे एक-दोन बॉक्स पुरतात, हरणाच्या हंगामाआधी दुर्बिणीचा नेम जुळवायला आणि शिकारीला, तो माणूस रॅकसमोर तसाच उभा. ‘दुसऱ्या वजनाची गोळी घ्या ना’ म्हणणाऱ्यांनी एकदा शंभर यार्डांवर झाडून बघावं. वजन बदललं की नेम सरकतो, म्हणजे पुन्हा जुळवणी, पुन्हा काडतुसं.

‘नवे कारखाने काढा’ म्हणे. कशाच्या भरवशावर? माल मिळत नाही म्हटल्यावर दुकानदार एकच ऑर्डर पाच वितरकांकडे टाकतो. एकाकडून माल आला की बाकीच्या चार रद्द. कारखान्याला दिसते पाचपट मागणी, त्यातली खरी किती ते देवाला ठाऊक. २०१६ च्या निवडणुकीनंतर भीती ओसरली आणि मागणी आपटली. रेमिंग्टन २०१८ मध्ये दिवाळखोरीत, २०२० मध्ये पुन्हा. बाहेर लोक गोळ्यांसाठी रांगा लावत होते आणि तेव्हाच आर्कान्सातला त्यांचा काडतुसांचा कारखाना कोर्टात विकला जात होता. तुमच्या घबराटीवर कोण पैसे लावणार?

दुकानदाराला सरसकट लुटारू म्हणू नका, कारण त्याला पुढचा बॉक्स ज्या भावानं भरावा लागणार, त्या भावानं आजचा विकावा लागतो. नाहीतर पुढचा माल घ्यायला पैसाच उरत नाही. उत्पादकाच्या भावावरचा ११ टक्के केंद्रीय करही भावाबरोबर वर जातो. लुटारू तो, जो सकाळी ट्रक येतो त्या वेळेला दारात उभा राहतो, रॅकवरच्या भावानं सगळं उचलतो आणि दुपारी ऑनलाइन तिप्पट किमतीला टाकतो. आणि तुम्ही त्याच्याकडून घेता! तुम्ही घेता म्हणून तो दुसऱ्या दिवशी परत उभा राहतो.

रशियन काडतुसांचंही तेच झालं. सप्टेंबर २०२१ पासून नवे आयात परवाने बंद. आधी दिलेले परवाने चालू होते, माल येतच होता, पण नुसत्या घोषणेनं स्वस्तातलं लोखंडी पुंगळीचं ७.६२ बाय ३९, म्हणजे एके-४७ चं काडतूस, रातोरात महाग. अजून एक पेटीही कमी झालेली नव्हती!

डोकं शांत असेल तर एवढं करा. वर्षाला खरोखर किती झाडता ते मोजा. दोन वर्षांपुरता साठा भाव पडलेले असताना थोडा थोडा करा, महिन्याला एक बॉक्स. कोरड्या, थंड जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नीट ठेवलेलं काडतूस दशकानुदशकं टिकतं. जुनं आधी वापरा. भाव बॉक्सवर बघू नका, नगावर बघा, कारण खोक्यांत ५०, ३२५, ३३३, ५५५ असे वाट्टेल तसे आकडे असतात. ‘एका गिऱ्हाइकाला दोनच बॉक्स’ अशी पाटी दिसली तर काउंटरवर हुज्जत घालू नका. त्या पाटीमुळेच तुमच्या मागच्याला काहीतरी मिळतं. आणि घबराट ऐन भरात असताना नव्या मापाची बंदूक घेऊ नका, तिचं खाद्य मिळणार नाही.

त्या ८४ लाखांचं काय झालं असेल, याचा विचार करा एकदा. आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल हातात आलंय. ट्रिगरवर बोट कधी ठेवायचं, अडकलेलं काडतूस कसं काढायचं, हे शिकायला प्रशिक्षकाकडे जावं तर तो म्हणतो, दीड-दोनशे गोळ्या स्वतःच्या घेऊन या. त्या मिळत नाहीत. माणूस भरलेलं पिस्तूल कपाटात ठेवून देतो, एकदाही न झाडता, घरात पोरं असताना. आणि त्याच्या सरावाच्या त्या दोनशे गोळ्या तुमच्या तळघरात, सीलबंद, दहा हजारांच्या ढिगात पडून आहेत.