परभणीकर, अलीचा अपमान मी केलेला नाही

राम राम परभणीकर,

तुमची प्रतिक्रिया रात्री अकराला वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हेवीवेट बॉक्सरांच्या बचावावर लिहिताना मी मुहम्मद अलीचा बचाव ‘कच्चा’ म्हटला, जॅक जॉन्सनला त्याच्या वर बसवलं, नुसत्या मारकुट्या टायसनला उगाच यादीत घुसवलं आणि हेन्री कूपरने अलीला पाडलं ती फेरी चुकीची दिली. शिवाय ‘लातूरच्या मोंढ्यात बसून जगाला बॉक्सिंग शिकवू नये.’

फेरीचं आधी मिटवतो. चूक माझीच. १८ जून १९६३, वेम्बली, चौथी फेरी. पाचवीत अलीने (तेव्हाच्या कॅशियस क्लेने) सामना संपवला, माझ्या डोक्यात दोन्ही एक झालं. लेखात दुरुस्ती केली आहे. मोंढ्याचंही खरं आहे. आडतीचं दुकान आहे, दुपारी सौदे आटोपले की लिहितो.

आता अली. तुम्ही मायकेल डोक्सबरोबरच्या क्लिपचा पुरावा दिलाय. पस्तिशीचा अली कोपऱ्यात दोरांना टेकलेला, हात खाली, आणि कोवळा डोक्स ठोशांवर ठोसे सोडतोय, पण सगळे हवेत. ती क्लिप मीही पन्नासदा पाहिली असेल. पण ती १९७७ ची प्रदर्शनी लढत आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अली अर्नी शेव्हर्सशी खरीखुरी लढला. ती बघा ना एकदा! दुसऱ्याच फेरीत शेव्हर्सचा उजवा असा बसला की अलीचे पाय लटपटले. लागलंच नाही असं सोंग करून त्याने वेळ मारून नेली. पंधरा फेऱ्यांनंतर जिंकला तोच, पण त्यानंतर त्याचा डॉक्टर फर्डी पाचेको त्याला सोडून गेला. माणूस तोच, वर्षही तेच.

अलीची पद्धत काय होती? ठोसा आला की मान सरळ मागे न्यायची, हनुवटी वर, हात कमरेशी. कुठलाही कोच पोराची ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडतो. अलीला ती शोभली कारण त्याचे पाय त्याला आधीच ठोशाच्या टप्प्याबाहेर नेऊन ठेवायचे, उरलेले दोन-चार इंच मान सांभाळायची. १४ नोव्हेंबर १९६६ ची क्लीव्हलँड विल्यम्सबरोबरची लढत त्याचा कळस. पुढे १९६७ मध्ये सैन्यात जायला नकार दिला म्हणून किताब गेला, साडेतीन वर्षं रिंग बंद. १९७० मध्ये परतला तेव्हा मान तीच होती, पाय मात्र ते नव्हते. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरचा डावा हूक (बाजूने वळून येणारा ठोसा) पंधराव्या फेरीत लागला आणि अली पाठीवर पडला. म्हणून ‘कच्चा’ हा शब्द मागे घेतो. त्याऐवजी ‘तरुणपणाकडून उसना घेतलेला’ असं वाचा. हे मात्र मागे घेणार नाही.

तुमचा खरा मुद्दा रिफ्लेक्सचा आहे. ‘ज्याची नजर तेज, तो चुकवतो’ असं तुम्ही लिहिता. मीही कॉलेजात असताना हेच समजत होतो. औरंगाबादला दोन वर्षं एका पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकलो. आमचे कोच पन्नाशीचे, पोट सुटलेले, आणि तरी आम्हा पोरांचा एकही जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्यांना लागायचा नाही. एकदा चिडून विचारलं तेव्हा म्हणाले, “लेका, माझ्या डोळ्याकडं काय बघायलास? तुझी डावी टाच आधी सांगतीय, हात लई उशिरा येतोय.” खरंच, जॅब मारायच्या आधी माझी टाच जरा उचलली जायची. त्या दिवसापासून मी टाच दाबून ठेवली, तर ते खांद्याकडे बघायला लागले.

त्यात जादू काही नाही. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, आणि चांगला जॅब तेवढ्यात नाकावर येतो. निघालेला ठोसा पाहून कुणीच चुकवत नाही, अलीसुद्धा नाही. मारक्या बैलाला वैरण टाकणारा गडी शिंगांकडे बघत नाही, मानेकडे बघतो. तसंच हे.

म्हणून माझ्या यादीत जॅक जॉन्सन वर आहे. २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला. त्याची जुनी धूसर फिल्म बघताना तुम्हाला कुस्तीच आठवेल. तो समोरच्याच्या दंडावर तळहात ठेवायचा, बस्स. ठोसा सुटण्याआधीच दंडात दाबून टाकायचा, सुटलाच तर उघड्या पंजाने वाटेत झेलायचा, मग जवळ ओढून मिठीत अडकवायचा आणि वर रिंगबाहेरच्या लोकांशी गप्पा मारायचा. आमच्याकडे माळेगावच्या जत्रेत जुने पैलवान असंच करतात, समोरचा डाव बांधायला लागला की मनगटच धरून ठेवतात. जॉन्सनने किताब गमावला तो १९१५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, सव्विसाव्या फेरीत. म्हणजे सदतिशीतही पंचवीस फेऱ्या त्याला आडवा करता आला नाही!

टायसनबद्दल मात्र तुमच्याशी अजिबात जमत नाही. पाच फूट दहा इंचांचा माणूस आपल्याहून उंच, लांब हातांच्या लोकांच्या पोटाशी पोहोचायचा तो मान हलवतच. त्याचा कोच कस डामाटो, त्याने त्याला गालाशी ग्लोव्ह्ज धरून, टांगलेल्या छोट्या पोतडीला चुकवायला लावलं. तिला तिकडे ‘मेझ बॅग’, मक्याची पोतडी म्हणतात. आमच्या शेडमध्ये ज्वारीची होती. १९८८ मध्ये डामाटोच्या तालमीतला कोच केव्हिन रूनी याला टायसनने काढून टाकलं आणि टायसनची मान हळूहळू थांबली. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लससमोर थांबलेली मान कशी दिसते ते सगळ्यांनी पाहिलं. मानच हलत नसेल तर रिफ्लेक्स काय करणार?

फोरमनचं थोडक्यात, कारण तुम्ही किन्शासातली अली-फोरमन लढत मध्ये आणलीत. तिथे १९७४ मध्ये अलीकडून हरलेला हाच फोरमन नोव्हेंबर १९९४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे बांधून दहाव्या फेरीपर्यंत उभा राहिला आणि मायकेल मूररला आडवं करून पुन्हा विजेता झाला. आताचा हेवीवेट बॉक्सर उसिक तर हाताच्या आधी पायच वापरतो. त्याच्यावर वेगळा लेख लिहीन, तिथे भांडू.

कधी लातूरला आलात तर मोंढ्यात या. ती ज्वारीची पोतडी मी शेडमधून उचलून आणली होती, दुकानाच्या मागच्या खोलीत आढ्याला टांगलेली आहे. तुमची नजर तेज आहे म्हणताय, तर दोन मिनिटं तिच्यासमोर उभे राहा. फक्त खालच्या कोपऱ्याला उंदरांनी भोक पाडलंय, तेवढं शिवून घेतो.