फोन जिवंत होता, नाडी कोणी पाहिलीच नाही

माझ्या मोबाइलचा पडदा सोमवारी पहाटे काळा पडला आणि बुधवारी रात्री उजळला. मधल्या काळात सांगलीतल्या दोन ठिकाणी, ज्यांचे पोटच या धंद्यावर चालते अशा माणसांनी तो तपासला. एकाने त्याला मृत ठरवले, दुसऱ्याने त्याची सगळी स्मृती पुसून टाकण्याचा उपाय सुचवला. प्रत्यक्षात तो दोन बटणे एकत्र दाबून धरल्याने वीस सेकंदांत सुरू झाला. हे कळल्यापासून माझा संताप उतरण्याऐवजी चढतोच आहे.

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे हिशेब लिहितो. ऐन हंगामात हळदीचे सौदे चालू असताना वजनाच्या चिठ्ठ्यांचे फोटो, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, त्यांचे खाते क्रमांक, सारे काही त्या एका काचेमागे अडकले होते. फोन वाजत होता, थरथरत होता, परंतु कोणाचा आहे ते दिसत नव्हते आणि उचलताही येत नव्हता. आवाजाचे बटण दाबून घंटा गप्प करणे, एवढाच काय तो माझा अधिकार उरला होता. पैसे पाठवणे बंद, बँकेचा ओटीपी येतो पण वाचता येत नाही. सिम काढून पत्नीच्या फोनमध्ये घातले तर ओटीपी दिसला असता हे खरे, परंतु पैसे पाठवायचे ॲप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावे लागते आणि त्यासाठी लागणाऱ्या कार्डाचा फोटोही त्याच काळ्या पडद्यामागे!

सोमवारी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने फोन हातात घेतला, पॉवरचे बटण एकदा दाबले, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, मदरबोर्ड गेलाय. डेड हाय." एवढ्यात अकरा वाजले आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा गजर त्याच्याच काउंटरवर खणखणू लागला. मृत फोनला गोळीची वेळ कशी आठवते, असे मी विचारले. त्यावर जराही न चाचरता तो म्हणाला, "मग डिस्प्ले गेला असंल. साडेचार हजार." निदान इतक्या झटकन बदलणारा वैद्य मी आयुष्यात पाहिला नाही. तपासणीचे तीनशे रुपये मात्र त्याने आधीच घेतले होते.

मंगळवारी शहरातल्या अधिकृत सेवा केंद्रात टोकन घेऊन दीड तास बसलो. तिथल्या बाईंनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर माहिती नष्ट झाल्यास कंपनी जबाबदार नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. त्या म्हणाल्या, "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असू शकतो, रीसेट मारून बघतील. आधी बॅकअप घेऊन या." ज्या फोनवर काहीच दिसत नाही, त्याचा बॅकअप मी कोणत्या डोळ्यांनी घ्यायचा? संगणकाला जोडला तर तो नुसता चार्ज होतो, कारण फायली दाखवण्यापूर्वी फोनचे कुलूप उघडून परवानगी द्यावी लागते आणि ती द्यायची पडद्यावरच. हा विरोधाभास मी बाईंना दोनदा समजावून सांगितला. दोन्ही वेळा त्यांनी, "हो सर, पण बॅकअप तुमची जबाबदारी," हेच उत्तर दिले. आजचे फोन आतली माहिती कूटबद्ध करून ठेवतात आणि रीसेट करताना ती उघडण्याची किल्लीच नष्ट होते. म्हणजे माझ्या पट्ट्या कायमच्या गेल्या असत्या, आणि पडदाच बिघडलेला असता तर रीसेटनंतरही तो काळाच राहिला असता.

बुधवारी रात्री पुण्याहून भाचीचा फोन पत्नीच्या फोनवर आला. मी तिला आधी का विचारले नाही, असे कोणी म्हणेल. तिचा नंबर कुठे होता, हे वेगळे सांगायला नको. ती म्हणाली, "मामा, पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबा आणि मी सांगेपर्यंत सोडू नका." तिने मोठ्याने आकडे मोजले. सतराला फोन थरथरला, विसाला कंपनीचे चिन्ह झळकले.

यात जादू काहीच नाही. पूर्वी फोन अडकला की मागचे झाकण उघडून बॅटरी उपसायची आणि पुन्हा बसवायची. बॅटरी आत चिकटवून बंद केल्यापासून तेच काम ही बटणे करतात. गोठलेल्या प्रणालीला काही न विचारता फोन सक्तीने नव्याने सुरू होतो आणि आतल्या फोटोंना धक्काही लागत नाही. कोणत्या फोनला कोणती बटणे हे वेगवेगळे असते. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या आयफोनवर आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडायचे, मग कमी करण्याचे दाबून सोडायचे आणि चिन्ह दिसेपर्यंत बाजूचे बटण दाबून धरायचे. फोन वाजतो म्हणजे आतला मेंदू शाबूत आहे, हे तर पोरालाही कळावे. सक्तीने सुरू करूनही काळाच राहिला, तर मग खुशाल पडद्याबद्दल किंवा तो आत जोडणाऱ्या तारेच्या पट्टीबद्दल बोला. त्याआधी साडेचार हजारांचा आकडा तोंडातून निघतोच कसा? आणि वर हसावे की रडावे अशी गोष्ट म्हणजे मी इमानेइतबारे रोज तो चार्जिंगला लावत होतो. तसाच टाकला असता तर बॅटरी संपून आपोआप बंद पडला असता आणि नंतर कदाचित सरळ सुरूही झाला असता.

गुरुवारी चालू फोन घेऊन त्या दुकानात गेलो आणि काय केले ते सांगितले. तो म्हणाला, "ते माहितेय की काका. पण गिऱ्हाईक बटण दाबायचे पैसे देतंय व्हय?" मी तीनशे रुपये परत मागितले. तपासणीचे पैसे परत मिळत नाहीत, अशी पाटी त्याने बोटाने दाखवली.