पूर आलाय, आधी भोंगा काढा

रात्री तीनला लिनक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) ‘पॉसिबल सिन फ्लडिंग ऑन पोर्ट ८०, सेंडिंग कुकीज’ ही ओळ दिसली की अभिनंदन, तुमच्यावर हल्ला झालाय! सिन म्हणजे जोडणी मागणारा पहिला निरोप; त्यांचा पूर आला असावा, एवढंच ही ओळ म्हणते. पण ‘पॉसिबल’ हा शब्द वाचायचाच नाही. ती लिहिणारा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जरा भिडस्त असतो. लगेच साहेबांना उठवा. शत्रू कोण ते कळलं नाही तरी चालेल, परदेशी आहे एवढं ठामपणे सांगा.

मग टीसीपी सिनकुकीज हे सेटिंग १ वरून ० करा, म्हणजे बंद. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवेला सिनच्या पुराने जेरीला आणलं, त्याच वर्षी या कुकीज सुचल्या. अर्धवट जोडणी मेमरीत न ठेवता तिची खूण उत्तराच्या सीक्वेन्स नंबरातच (क्रमांकातच) दडवायची, अशी ही युक्ती. पण लॉग घाण करते ना, काढा. आता कुकीजऐवजी ‘ड्रॉपिंग रिक्वेस्ट’ दिसेल आणि अर्धवट जोडण्यांची रांग भरली की खरे ग्राहकही दारातून परत जातील. सर्व्हरवरचा भार कसा झटकन उतरतो बघा!

‘एसएस -एलटीएन’ ही कमांड मात्र चुकूनही चालवू नका. तिच्यात ऐकत बसलेल्या, म्हणजे जोडण्यांची वाट पाहणाऱ्या प्रत्येक सॉकेटपुढे (दारापुढे) दोन आकडे येतात: रेसिव्ह-क्यू म्हणजे रांगेत आत्ता किती जण उभे, सेंड-क्यू म्हणजे रांगेत मावतात किती. पहिला दुसऱ्याला टेकलेला दिसला तर भलतीच पंचाईत. हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) पुरा करून जोडण्या ताटकळताहेत आणि तुमचंच ॲप्लिकेशन ‘ॲक्सेप्ट’ म्हणायला फिरकत नाही, हे साहेबांना कसं सांगणार? परदेशी शत्रूचं काय करायचं मग?

काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं, तर सोमॅक्सकॉन, म्हणजे रांगेवरची कर्नलची कमाल मर्यादा, वाढवा. कर्नल ५.४ च्या आधी ते मुळात १२८ होतं, नंतर ४०९६ झालं. तुम्ही बिनधास्त ६५५३५ टाका. रांग ठरते ती ॲप्लिकेशनने मागितलेला आकडा आणि हा, यांत लहान असेल त्यावर, पण तिकडे कशाला बघा? पायथन भाषेतल्या सॉकेटसर्व्हर या तयार मोड्यूलने सवयीने ५ च मागितले तर ५ च मिळणार. आणि सेवा रीस्टार्ट करायची नाही, म्हणजे जुनीच रांग सुखाने चालू राहते.

शिवाय कर्नल ‘पॉसिबल सिन फ्लडिंग’ची ही ताकीद एका सॉकेटसाठी एकदाच छापतो. तासभर ओळ पुन्हा आली नाही की ‘हल्ला परतवला’ असं लिहून तक्रारीचं तिकीट बंद करा. पुढच्या रीस्टार्टनंतर ती परत दिसेलच, तेव्हा नवं तिकीट.