ॲप, ऍप, अॅप की ऐप? गंजगोलाईजवळच्या कट्ट्यावर झालेला वाद

लातूरला गंजगोलाईजवळ चहाच्या गाड्याला लागून आमचा कट्टा भरतो, आणि परवा तिथं एका अक्षरावरून जे पेटलं ते लिहून काढतोय, कारण मोबाईलवर नाहीतर कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणाऱ्या सगळ्यांच्याच ते कामाचं आहे.

झालं असं, अण्णाचं फ्लेक्सचं दुकान आहे. एका कृषी सेवा केंद्रवाल्यानं त्याला व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला, "आमचे ॲप डाऊनलोड करा" वगैरे, तर त्यात तो एकच शब्द वर 'ऍप', मधी 'ऐप' आणि खाली 'अॅप' असा. अण्णा म्हणला, "एक काय ते ठरवा अन् सांगा, मला संध्याकाळी प्रिंटला टाकायचंय."

मोबाईल रिपेरिंगवाला भाई लगेच म्हणला, "ऐप टाका की. हिंदीत सगळीकडं ऐपच असतंय, आपल्या गावात हिंदी वाचता येत नाही असं कोण हाय?"

यावर गुरुजी बोलले, आणि माझ्या मते तो मुद्दा तिथंच संपला. हिंदीत ऐ चा उच्चारच वेगळा. तिकडं 'पैसा', 'कैसा' म्हणताना तोंड जसं उघडतं तसं आपलं मराठीत उघडत नाही. आपला ऐ म्हणजे अइ. ऐक, ऐन, ऐरण. "माझ्या वर्गातलं लेकरू 'ऐप'ला 'अइप' वाचतंय, आणि त्याचं बरोबरच हाय. मराठी वाचायला आपणच शिकवलंय ना त्याला?" भाईनं दोनतीनदा 'पैसा' दोन्हीकडून म्हणून बघितलं आणि मान्य केलं.

मग राहिला ऍ. आमच्यातला छोट्या पुण्याच्या एका कंपनीसाठी इथूनच घरी बसून कोडिंग करतो, त्यानं याची कुंडली मांडली. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं सरकारी मानक होतं, १९९१ चं, त्यात ए वर चंद्र असलेला ऍ होता, पण अ वर चंद्र असलेलं स्वतंत्र अक्षर नव्हतं. युनिकोडनं (म्हणजे जगभरातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकेक नंबर देणारं मानक) देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली, म्हणून तिथंही सुरुवातीपासून ऍ आला. जुन्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून १ दाबला की हाच ऍ उमटायचा. मराठीला पाहिजे तो ॲ युनिकोडमध्ये यायला २००८ उजाडलं, ५.१ ही आवृत्ती. म्हणजे तोवर ज्यांनी ऍप, ऍडमिशन, ऍम्ब्युलन्स लिहिलं त्यांना दोष देता येत नाही, जे बटन होतं ते दाबलं. पण आता कामून दाबायचं?

गुरुजींनी लगेच सरकारी आधार काढला. ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय, ज्यात देठाचा श आणि पाकळीचा ल ठरवला, त्यातच ॲ आणि ऑ हे स्वर मराठी वर्णमालेत घेतले. शाळेत म्हणूनच आता बाराखडीच्या जागी चौदाखडी आली. तक्त्यावर अ वर चंद्र आहे, ए वर नाही. पोराला तक्त्यावर एक दाखवायचं अन् चौकातल्या बोर्डावर दुसरं, हे मला तरी पटत नाही.

इथपर्यंत सगळे एका बाजूला आले होते, अण्णा उठायलाही लागला, "मंग अ वर चंद्र, झालं." पण खरी गोम पुढंच होती. छोट्यानं मोबाईलवर तीनदा शब्द टाइप केला: ॲप, अॅप, अ‍ॅप. "सांगा बरं यातलं बरोबर कोणतं?" आमच्या डोळ्याला तिन्ही एकच दिसायलेत. पण आत तिन्ही वेगळे. पहिल्यात ॲ हे एकच अक्षर, युनिकोडमधला त्याचा नंबर ०९७२. दुसऱ्यात आधी अ आणि मग त्याच्यावर सुटा चंद्र ठेवलेला. तिसऱ्यात त्या दोघांच्या मधी एक न दिसणारं जोडचिन्ह (झिरो विड्थ जॉइनर) घुसवलेलं. हे चिन्ह लोकांनी उगंच घातलं नाही, बऱ्याच ठिकाणी अ वर सुटा चंद्र दिला की मधी ठिपक्यांचं गोल वर्तुळ येतं, ते जावं म्हणून हा उपाय निघाला. वर्तुळ येतं कारण युनिकोडच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की ॲ साठी अ अधिक चंद्र अशी जोडणी वापरायची नाही, आणि आजकालची सॉफ्टवेअरं तो नियम पाळतात. वर हे तिन्ही एकच समजा असंही युनिकोड सांगत नाही.

त्या केंद्रवाल्याच्याच शीटमध्ये छोट्यानं फिल्टर लावून दाखवला. 'ॲपवरून ऑर्डर' अशी नोंद वेगवेगळ्या कामगारांनी भरलेली, दिसायला सारखी, फिल्टरमध्ये मात्र ती सुटी सुटी येत होती. बेरीज काढताना त्यातलं एकच धरलं तर बाकीच्या ऑर्डरी गेल्याच की. हे बघून मला खरंच वाईट वाटलं. माणूस बरोबर लिहितोय, वाचणारा बरोबर वाचतोय आणि तरी हिशोब चुकतोय.

अण्णाचं म्हणणं, "मला श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधी, काम करायचं असतंय, फ्लेक्सवर नंबर कोण बघतंय?" फ्लेक्सपुरतं हे खरं आहे. कापडावर छापलं की तिथं फक्त आकार राहतो. पण तोच मजकूर अण्णाकडून गिऱ्हाईकाच्या फेसबुक पेजवर जातो, तिथून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, तिथून कुणीतरी कॉपी करून अर्जात टाकतं. एकदा चुकीचा अ-चंद्र सुटला की तो गावभर फिरतो. म्हणून मूळ मजकूर करणाऱ्यानंच नीट करावा असं माझं ठाम मत आहे, आणि अण्णासारखे लोक दिवसाला जेवढं मराठी टाइप करतात तेवढं कुणी करत नाही.

(जाता जाता, 'बँक'चीही हीच गत आहे. कुणी ब वर सरळ चंद्रबिंदू देतं, कुणी चंद्र देऊन वर अनुस्वार, दिसतं एकच. पण त्यावर बसलो असतो तर गाडा बंद झाला असता.)

शेवटी ठरलं ते असं. नवीन लिहिताना ॲ हे एकच बटन, मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर ते बहुतेक असतं, नसलं तर एकदा कॉपी करून शॉर्टकट करून ठेवायचं. जुन्या फायलीत शोधा-बदला करताना आधी न दिसणाऱ्या चिन्हाचा अ‍ॅ काढायचा, मग साधा अॅ, मग ऍ, तिन्हीच्या जागी ॲ. ऍ मराठीत दुसऱ्या कशाला लागत नाही, त्यामुळं तो सरसकट बदलला तरी चालतंय. ऐ ला मात्र असं करायचं नाही, तो एकेक शब्द बघून हातानंच बदलायचा, नाहीतर 'ऐकण्यात आले'चं 'ॲकण्यात आले' होऊन बसेल.